लातूरला बोअरचे पाणी असताना घरी एस्प्रेसो मशीन घ्यावे का, आणि ते टिकवावे कसे?

जरूर घ्यावे, मात्र खोक्यावरील '१५ बार' या आकड्याला भुलू नये, कारण तो पंपाचा कमाल दाब असतो आणि एस्प्रेसोला ९ बारच्या आसपासचा दाब पुरतो. पैसे मोजकेच असतील, तर मशीनवर थोडे कमी आणि ग्राइंडरवर थोडे अधिक खर्च करावेत: १८ ग्रॅम कॉफीच्या भुकटीतून २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी उतरायला हवी, आणि हे गणित दळण बारीक-जाड केल्याशिवाय जुळत नाही.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची आहे. आमच्या गीझरची कॉइल वर्षभरात पांढऱ्या खवल्यांनी माखते. तोच क्षार मशीनच्या बॉयलरमध्ये आणि काडीएवढ्या नळ्यांमध्ये साचला, की धार बारीक होते आणि पंप घरघरू लागतो. म्हणून टाकीत बोअरचे पाणी घालूच नये. निव्वळ आरओच्या पाण्याने कॉफी सपक लागते, शिवाय काही मशीनमधला पातळी ओळखणारा सेन्सर त्यात फसतो. त्यामुळे आरओच्या पाण्यात थोडे साधे पिण्याचे पाणी मिसळावे.

दर दोन-तीन महिन्यांनी, माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या द्रावणानेच क्षार काढावा. व्हिनेगर टाळावे, कारण त्याचा वास कित्येक दिवस जात नाही. दूध फेसाळल्यावर वाफेची नळी ओल्या फडक्याने लगेच पुसून क्षणभर वाफ सोडावी, कारण वाळलेले दूध नंतर टाचणीनेच उकरावे लागते. व्होल्टेज सारखे वर-खाली होत असेल, तर मशीनच्या वॅटला पेलेल असा स्टॅबिलायझर लावावा.