वाचकांचे प्रश्न : पाऊण वाजताची सावली, मेणबत्ती आणि विकतचा प्रकल्प

प्राथमिक वर्गांत मुलांनी स्वतः करून पाहायच्या विज्ञानाविषयी आलेल्या चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. फेब्रुवारीत मुलांनी मैदानात काठी रोवून दर दहा मिनिटांनी तिची सावली मोजली. दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते, असे त्यांना आधीच सांगितलेले होते. प्रत्यक्षात मुलांच्या वह्यांत सर्वांत लहान सावली पाऊण वाजताची आली. मोजमाप चुकले असे धरून मुलांना वहीत बाराच लिहायला सांगावे का? — एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : कृपया तसे करू नये, कारण मुलांच्या वह्या बरोबर आहेत. आपल्या हातावरचे घड्याळ साताऱ्याच्या सूर्यावर चालत नाही. ते उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. सातारा साधारण ७४ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या साडेआठ अंश पश्चिमेला आहे, आणि पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागत असल्याने सूर्य तुमच्या मैदानावर सर्वांत उंच येतो तेव्हा घड्याळात सरासरीने १२ वाजून ३४ मिनिटे झालेली असतात. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे या सरासरीतही वर्षभर फरक पडत राहतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य आणखी सुमारे १४ मिनिटे उशीर करतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी तो सुमारे १६ मिनिटे लवकर येतो. म्हणजे तुमच्या गावी फेब्रुवारीत खरी मध्यान्ह पाऊण वाजून गेल्यावरच होणार आणि हाच प्रयोग नोव्हेंबरात केला, तर ती १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास येईल. दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या नोंदींत पाऊण हे उत्तर यावे, याचा अर्थ मुलांनी काम चोख केले आहे.

चौथीच्या वर्गात लंबवर्तुळाची चर्चा करण्याचे कारण नाही. साऱ्या देशाने सोयीसाठी एकच घड्याळ मानले आहे, सूर्य मात्र आधी नागपूरच्या माथ्यावरून जातो आणि मग आपल्याकडे येतो, एवढे या वयाला पुरते. गाडी चुकू नये म्हणून सगळ्यांनी एक वेळ मानायची असते, हे मुलांना सहज पटते. मोठ्यांना ते पटायला बराच काळ लागला होता. मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालू होती.

पुढच्या वेळी आणखी एक गोष्ट करून पाहावी. मध्यान्हीच्या सुमारास सावलीची लांबी इतकी हळू बदलते, की ‘सर्वांत लहान’ सावली नेमकी कोणती, यावरून वर्गात वाद होतो. त्यापेक्षा सपाट जागी काठी उभी करावी, ती सरळ आहे की नाही हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने तपासावे आणि काठी मध्यबिंदू धरून दोरीने जमिनीवर एक वर्तुळ आखावे. सावलीचे टोक सकाळी बाहेरून आत येताना वर्तुळाला जिथे टेकते तिथे एक खडा ठेवून वेळ लिहावी, आणि दुपारी ते टोक वर्तुळाबाहेर पडताना पुन्हा तसेच करावे. दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ ही तुमच्या शाळेची मध्यान्ह, आणि दोन खड्यांना जोडणारी रेघ ही पूर्व-पश्चिम दिशा. दिशा ठरवण्याची ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रातही, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथातही, सांगितलेली आहे. मधल्या सुट्टीत खड्यांवर राखण ठेवावी, नाहीतर ते लगोरीत जातात.

शून्य सावलीच्या दिवसाबद्दलही, म्हणजे मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते त्या दिवसाबद्दलही, आपण विचारले आहे. तो दिवस आपल्या भागात मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि जुलैअखेर-ऑगस्टारंभी दुसऱ्यांदा येतो तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. मे महिन्याचे काम गावातच असणाऱ्या मुलांवर सोपवावे, हे बरे.

प्रश्न : ताटलीतील पाण्यात जळती मेणबत्ती उभी करून तिच्यावर ग्लास पालथा घातला की ज्योत विझते आणि ग्लासात पाणी चढते. ऑक्सिजन संपला व त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध झाले, असे मुलीच्या पाचवीच्या वर्गात सांगण्यात आले. ‘मग ज्योत जळत असताना पाणी का चढत नाही?’ असे तिने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. — एक पालक, ठाणे

उत्तर : मुलीचे निरीक्षण त्या स्पष्टीकरणापेक्षा सरस आहे. पाणी ऑक्सिजनची जागा घेत असते, तर ज्योत जळत असताना ते हळूहळू वर आले असते. प्रत्यक्षात ते मुख्यतः ज्योत विझल्यावर झपकन चढते, आणि खरे कारण त्या वेळेतच दडलेले आहे. ग्लास खाली आणताना ज्योतीच्या उष्णतेने आतली हवा प्रसरण पावते आणि तिचा काही भाग बाहेर पडतो. नीट पाहिले तर ग्लासाच्या कडेखालून बुडबुडे निघताना दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, ज्वलनात तयार झालेल्या वाफेचेही पाणी होते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतले पाणी आत ढकलतो.

ऑक्सिजन वापरला जातो हे खरेच आहे. पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे ऑक्सिजन वापरला गेल्याने पडणारी तूट किरकोळ असते. शिवाय ऑक्सिजन पूर्ण संपण्याची वाट मेणबत्ती पाहत नाही. हवेतील त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर आले की ती विझते. पाणी कधीकधी ग्लासाच्या साधारण पाचव्या भागापर्यंत चढते, तो योगायोग आहे, आणि या योगायोगामुळेच चुकीचे स्पष्टीकरण इतकी वर्षे टिकून राहिले आहे. पडताळा सोपा आहे : त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवाव्यात. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच असतो, पण पाणी पहिल्यापेक्षा वर चढते. काडी ओढण्याचे आणि ग्लास ठेवण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. बुडबुडे पाहण्याचे काम मुलीकडे द्यावे.

वर्गात हे मांडताना शिक्षकांची चूक काढण्याचा सूर नसावा. ‘तीन मेणबत्त्या लावल्या तर काय होईल?’ असा प्रश्न मुलीनेच विचारावा आणि प्रयोगापूर्वी साऱ्या वर्गाने आपला अंदाज वहीत लिहावा. अंदाज आधी लिहिलेला नसेल, तर निष्कर्ष पाहिल्यावर ‘मला हे माहीतच होते’ असे सगळेच म्हणतात.

प्रश्न : तिसरीतल्या नातवाला ‘पाण्याचे चक्र’ या विषयावर प्रकल्प करून आणायला सांगितले आहे. स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. घ्यावा का? — एक आजोबा, नाशिक

उत्तर : घेऊ नये, आणि रात्री जागून आई-वडिलांनीही करू नये. पातेल्यात गरम पाणी घेऊन वर थंड ताट झाकावे, ताटाखाली जमलेले थेंब नातवाने पाहावेत आणि जे पाहिले ते त्याच्याच अक्षरात दहा ओळींत लिहावे. ते प्रदर्शनात शोभून दिसणार नाही. शिक्षकांना मात्र मुलाला काय कळले हे त्यातूनच कळेल.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी आहे. प्रयोगशाळा नाही. विज्ञानपेटी आहे, पण त्यातले काचेचे सामान फुटले तर डेडस्टॉकला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला) उत्तर द्यावे लागते, म्हणून ती कुलपातच असते. दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून मी प्रयोग कसे घेऊ? — एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : पेटी कुलपात राहिली तरी परिसर अभ्यासाचे फारसे अडत नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ पासून २००२ पर्यंत मध्य प्रदेशातील साध्या सरकारी शाळांत चालला, तो सहावी ते आठवीच्या मुलांनी गटागटाने, स्वस्त आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यावर केलेल्या प्रयोगांच्या बळावर; परीक्षेतही पुस्तक उघडून पाहण्याची मुभा आणि हाताने करायचे प्रयोग होते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांच्या काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या रचनांची सुरुवातही त्याच कार्यक्रमात झाली.

मटकीपासून सुरुवात करावी. चार वाट्या घ्याव्यात : एकीत कोरडी मटकी, दुसरीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली, तिसरीत पूर्ण पाण्यात बुडवलेली, आणि चौथीत ओल्या फडक्यातलीच, पण बंद कपाटात ठेवलेली. कपाटातल्या मटकीला मोड येणार नाहीत, कारण ‘रोपाला ऊन लागते’, असा अंदाज बहुतेक मुले लिहितात. घरी उसळीसाठी मटकी फडक्यात बांधून झाकूनच ठेवतात, हे त्यांना ठाऊक असते, पण घरातले आणि शाळेतले ज्ञान त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असते. कपाटातल्या मटकीलाही मोड आलेले दिसले की वर्गात जो गलका होतो तो थोडा वेळ होऊ द्यावा. त्यानंतर मोड आलेले दाणे मातीत लावून निम्मे उजेडात आणि निम्मे अंधारात आठवडाभर ठेवावेत. अंधारातली रोपे उंच, फिकी पिवळी आणि लुळी होतात. ती उंच वाढलेली पाहून ‘अंधारात चांगली वाढतात’ असे कोणीतरी म्हणेलच; त्यावर लगेच खुलासा न करता दोन्ही रोपे आणखी काही दिवस ठेवून पाहावीत.

एकत्र वर्गात कामाची वाटणी आपोआप होते. पहिली-दुसरीची मुले रोज चित्र काढतात, तिसरी-चौथीची दोऱ्याने उंची मोजून पट्टीवर वाचतात, पाचवीची तक्ता भरतात. वेळापत्रकात याला वेगळी तासिका लागत नाही. परिपाठानंतरची दहा मिनिटे पुरतात. मूल्यमापनाची अडचणही नाही. २०१० पासून लागू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (मूल शिकत असतानाच करायच्या) मूल्यमापनाच्या साधनांमध्ये प्रात्यक्षिक व प्रयोग यांचा समावेश आहे, तेव्हा या वह्याच नोंद म्हणून दाखवता येतात. गुण देताना मात्र अंदाज खरा ठरला की नाही ते पाहू नये. रोजची नोंद त्या-त्या दिवशी केली आहे का, आणि चुकलेला अंदाज न खोडता तसाच ठेवला आहे का, हे पाहावे.