बाथटबचे पाणी हवेच्या पाइपात: सोसायटीच्या नोटिशीला काय उत्तर द्यावे?

प्रश्न: ठाण्यातील सोसायटीत चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. पत्नीला संधिवात आहे, कोमट पाण्यात बसल्यावर तिला आराम पडतो. म्हणून गेल्या दिवाळीआधी कंत्राटदाराकडून बाथटब बसवून घेतला. एकूण खर्च १ लाख ८५ हजार आला. सेक्रेटरींना व्हॉट्सॲपवर कळवले होते, त्यांनी अंगठ्याचे चिन्ह पाठवले. आता खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाची तक्रार आहे, की आमचा टब रिकामा होताना त्यांच्या नहाणीतून गडगड आवाज येतो आणि नंतर दुर्गंधी सुटते. टबचा पाइप डक्टमधल्या व्हेंट पाइपला जोडल्याचे सोसायटीच्या प्लंबरने सांगितले. नोटीस आली आहे: १५ दिवसांत टब काढा, नाहीतर दरमहा ५ हजार दंड आणि पाणी बंद. टब काढावाच लागेल का?

उत्तर: टब काढावा लागेल असे मला वाटत नाही. मात्र त्याची सांडपाण्याची जोडणी बदलावी लागेल, आणि तीही नोटिशीची मुदत संपण्याआधी सुरू करावी लागेल. तोवर टब भरून वापरू नका. पत्नीची अडचण मला कळते, पण या १५ दिवसांत खालच्या घरात पुन्हा वास गेला तर पुढचा प्रत्येक युक्तिवाद लंगडा पडेल.

आधी दोष समजून घ्या, कारण उत्तर त्यावरच उभे राहणार आहे. व्हेंट पाइप हवेसाठी असतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये, म्हणजे नहाणीखालच्या पाइपाच्या वळणात, साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहावे लागते, गटारातला वायू घरात येण्यापासून तेवढाच पडदा आपल्याला वाचवतो. तुमच्या टबातले दीड-पावणेदोनशे लिटर पाणी एकदम हवेच्या पाइपात उतरते, तेव्हा खालची हवा कोंडते आणि शेजाऱ्यांच्या नहाणीतून वर फुटते. तीच गडगड. पाणी पुढे सरकले की मागे ओढ बसते, ट्रॅपमधले पाणी खेचले जाते आणि वासाला वाट मोकळी होते. म्हणजे त्यांची तक्रार खरी आहे. उत्तरात ती नाकारू नका.

योग्य जोडणी अशी: टबाला स्वतःचा पी-ट्रॅप, तिथून पुरेसा उतार देऊन सांडपाण्याच्या उभ्या पाइपात जोड, आणि ट्रॅपच्या पुढे लगेच हवेची वेगळी नळी काढून ती टबाच्या काठापेक्षा वर नेऊन व्हेंट पाइपला जोडायची. यातला डक्टमधला प्रत्येक सांधा सोसायटीच्या सामाईक मालमत्तेला हात लावतो. म्हणून नकाशासह अर्ज करून समितीची लेखी परवानगी घ्या.

ही परवानगी मागच्या वेळी तुम्ही घेतली नाही, हा तुमच्या बाजूचा कच्चा दुवा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार, फ्लॅटमध्ये वाढीव काम किंवा बदल करायला समितीची लेखी संमती लागते. सेक्रेटरींचा अंगठा म्हणजे समितीचा ठराव नव्हे. तरीही तो संदेश जपून ठेवा, काम लपूनछपून केले नाही एवढे त्यातून दिसते. पुढे कोर्टात दाखल करायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत लागेल, नुसता स्क्रीनशॉट चालणार नाही.

आता धमक्यांकडे. दंडाची पद्धत उपविधींतच आहे: कोणत्या उल्लंघनाला किती दंड हे सर्वसाधारण सभेने ठरवायचे, मग सदस्याला कारणे दाखवा नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे. आदर्श उपविधींत एका आर्थिक वर्षाला ५ हजारांची कमाल मर्यादा आहे. दरमहा ५ हजार त्यात बसत नाहीत. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत काढून आकडा पडताळा आणि सभेच्या ठरावाची प्रत लेखी मागा.

पाणी तोडण्याचा अधिकार आदर्श उपविधी समितीला देत नाहीत. अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये महापालिकेला सांगितले. तो वाद सोसायटीचा नव्हता, पण पाण्याकडे न्यायालय कसे पाहते ते त्यातून कळते. खरोखर पाणी बंद केले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जा आणि कलम ९५ खाली अंतरिम आदेश मागा. त्या दिवशी वाट पाहू नका.

एक मुद्दा नोटिशीत नाही, पण पुढच्या पत्रात येईल: वजन. १८० लिटर पाणी, ७० किलोचा माणूस आणि टब धरून पावणेतीनशे-तीनशे किलो भार जेमतेम एक चौरस मीटरवर येतो. इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानक ८७५ मध्ये घरातल्या न्हाणीघरासाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरला आहे. एवढ्यावरून स्लॅब धोक्यात आहे असे होत नाही, भार आजूबाजूलाही वाटला जातो. पण हे मी किंवा तुम्ही सांगून उपयोग नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवून त्याचे पत्र अर्जाला जोडा. त्याने नको म्हटले, तर मात्र टब काढा. तिथे कायद्याचा आधार शोधू नका.

खालच्या कुटुंबाला विसरू नका. ते दिवाणी न्यायालयात उपद्रवाचा दावा लावून विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३९ खाली जोडणी काढण्याचा आदेश मागू शकतात. उपद्रव चालू असेपर्यंत दावा लावायची मुदतही रोज नव्याने सुरू होते, त्यामुळे वेळ काढून काही साधणार नाही. त्यापेक्षा आजच त्यांचे दार वाजवा.

कंत्राटदाराकडून पैसे मागता येतील. हवेच्या पाइपात सांडपाणी सोडणे ही सेवेतील त्रुटी आहे. त्याला आधी लेखी नोटीस द्या, दुरुस्तीचा खर्च मागा. दाद नाही दिली तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली ठाण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करा. मुदत दोन वर्षांची आहे, आणि तुमच्या रकमेच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. बिल, पैसे दिल्याचा पुरावा, आणि भिंत बंद करण्याआधी चुकीच्या सांध्याचे तारखेसह फोटो, हे सगळे हवे. दुरुस्तीच्या घाईत लोक नेमके फोटोच विसरतात आणि पुरावा सिमेंटखाली जातो.

सोसायटीला या आठवड्यातच उत्तर द्या. जोडणी चुकीची असल्याचे मान्य करा, टबचा वापर थांबवल्याचे सांगा, दुरुस्तीचा अर्ज व नकाशा जोडा, दंड व पाण्याबाबतचे हक्क अबाधित राखून हे लिहीत असल्याचे नमूद करा, आणि पोच घ्या. काम झाल्यावर सेक्रेटरी आणि खालच्या शेजाऱ्यांना बोलवा. टब काठोकाठ भरून बूच काढा, एकाने खाली नहाणीपाशी उभे राहावे. आवाज नाही, ट्रॅपमधले पाणी हलत नाही असे दिसले, की तिथल्या तिथे चार ओळी लिहून तिघांच्या सह्या घ्या.