वाचकांचे प्रश्न: आधी छप्पर, मग गाढव

मागच्या अंकात आमच्या वाडीतल्या सोडवून आणलेल्या गाढवांबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप मेसेज आले आणि बरेचसे कोकणातूनच. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, ज्यात जनावराच्या जिवाचा प्रश्न आहे ते आधी घेतेय.

प्रश्न: देवगडजवळच्या गावातून लिहितोय. इथलं बांधकाम संपलं आणि माल वाहणारे लोक एक गाढवीण मागे सोडून गेले. पाठीवर जखम आहे, पुढचे खूर लांब होऊन वर वळलेत. आमची कलमांची बाग आहे, भोवती गडगा (दगडी कुंपण) आहे. घरच्या दोन गायी आहेत, त्यांच्याच गोठ्यात ठेवली तर चालेल का? पाऊस तोंडावर आलाय.

उत्तर: दादा, नक्की ठेवा, पण गायींजवळ नेण्याआधी दोन कामं करा. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत लेखी कळवून ठेवा, उद्या कोणी मालक म्हणून उभा राहिला तर तुमच्या हातात कागद हवा. आणि 1962 या जनावरांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करून पशुवैद्यकांना बोलवा, रक्त तपासायला सांगा. घोड्या-गाढवांमध्ये ग्लँडर्स नावाचा रोग असतो, तो माणसालाही होतो, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत तिला वेगळी ठेवायची आणि जखम धुताना हातमोजे घालायचे. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच भेटीत द्यायला लावा, उघडी जखम आहे म्हणताय तर ते अजिबात टाळू नका.

आता पावसाचं. गाढव हे मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या रानातलं जनावर, घोड्याच्या अंगावरून पाणी निथळून जातं तसं याच्या अंगावरून जात नाही, केसांत मुरून थेट कातडीपर्यंत पोचतं, आणि आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. घाटावर कमी पावसाच्या गावात झाडाखाली उभं राहून गाढव निभावून नेतं, इथे नाही निभावत. थंडी भरते, पाठीवर खपल्या धरून केस गळतात, खूर मऊ पडून आतून सडायला लागतात आणि हे होईपर्यंत ते बिचारं कुरकुरही करत नाही. म्हणून मला जो कोणी विचारेल त्याला मी हेच सांगते, आधी छप्पर मग गाढव. चिऱ्याचं जोतं करून जमीन उंच घ्या, पाणी एका बाजूला वाहून जाईल असा उतार ठेवा, वर भाताचा तूस किंवा सुका पेंढा पसरा आणि ओला झालेला रोज काढा. पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू नारळाच्या विणलेल्या झापांनी किंवा पत्र्याने बंद हवी, आपल्याकडे झड तिकडूनच आत येते. रात्री दार लावूनच घ्या, बिबट्या आता कुठल्या वाडीत येत नाही सांगा.

गायींचा गोठा तात्पुरता चालेल पण गाय ही काही गाढवाची सोबत नाही. गाढवाला गाढवच लागतं, जोडी जमली की ती दोघं एकाच कोपऱ्यात चरतात, एकमेकांची मान खाजवतात, एकाला बाहेर काढलं तर दुसरं ओरडून वाडी डोक्यावर घेतं. तेव्हा जमलं तर अजून एक आणा. अशी टाकून दिलेली दुसरी मिळायला फार शोधावं लागत नाही हे आपलं दुर्दैव आहे.

खुरांची घाई करू नका. वर वळलेला खूर एकाच वेळी सगळा कापला तर ती उभीच राहू शकणार नाही, दर काही आठवड्यांनी थोडा थोडा तासून आकारात आणायचा असतो. रायगडवाल्यांना माथेरानच्या घोड्यांमुळे नालबंद मिळू शकतो, तुमच्याकडे कठीण आहे, म्हणून डॉक्टरांकडून शिकून घ्या. त्यानंतर दर सहा ते दहा आठवड्यांनी तासणं, आणि पावसाळ्यात रोज चारही खूर उचलून आतली माती काढणं. आमच्याकडे हे सकाळच्या चहाच्या आधी होतं, गंगी तर मी दिसले की स्वतःच पाय उचलते.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. गायींच्या गोचिडांसाठी जे औषध आणता त्याच्या बाटलीवर अमिट्राझ लिहिलेलं असेल तर ते गाढवावर मारू नका, त्याने आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटशूळ होऊन जीव जाऊ शकतो. गायींच्या पशुखाद्याचंही तेच, काहींमध्ये मोनेन्सिन असतं, गायीला ते चालतं पण घोडा-गाढवाला विष आहे, म्हणून तिची घमेली वेगळी ठेवा. आणि फवारणी चालू असेल तेव्हा कलमांखालचं गवत तिला देऊ नका.

प्रश्न: मुरुडहून विचारतेय. आमच्याकडे दोन म्हाताऱ्या गाढविणी होत्या. त्यातली एक चार दिवसांपूर्वी गेली, रात्रीच पुरली. दुसरी तेव्हापासून बेड्याजवळ (कुंपणाच्या फाटकाजवळ) उभी असते, कालपासून तिने काहीच खाल्लं नाही. दुःखात आहे, दोन दिवसांनी सावरेल असं घरचे म्हणतात. थांबू का?

उत्तर: ताई, थांबू नका, हे वाचायच्या आधीच तुम्ही डॉक्टरांना फोन केला असेल असं धरून चालते आणि मी तुम्हाला वेगळा मेसेजही केलाय. बाकीच्यांना कळावं म्हणून इथे लिहिते. गाढवाने खाणं सोडलं की शरीर अंगातली चरबी वितळवायला लागतं, ती रक्तात इतकी साचते की लिव्हर आणि किडनी निकामी होतात. जाड गाढवं, म्हातारी, गाभण, यांना धोका जास्त. एक दिवस पूर्ण उपाशी गेला तरी ती इमर्जन्सी समजायची. गाढव वेदना लपवतं, लोळत नाही, नुसतं मान खाली घालून गप्प उभं राहतं आणि आपल्याला वाटतं शांत आहे. डॉक्टर येईपर्यंत तिला आवडेल ते पुढे करा, कोवळं हिरवं गवत, गाजराच्या लांब फोडी, केळीचं पान, जे खाईल ते.

दुःखाचंही खरंच आहे, घरच्यांचं त्यात काही चुकलेलं नाही. पण तिला सोबतीण गेलेली दिसली नाही, रात्रीत नाहीशी झाली, म्हणून ती शोधत उभी आहे. पुढे कुणावर ही वेळ आली तर मेलेलं जनावर लगेच उचलू नका, दुसऱ्याला जवळ जाऊ द्या, हुंगू द्या, स्वतःहून बाजूला होईपर्यंत थांबा. आमचा बाळू गेला तेव्हा शेवंती बराच वेळ त्याच्याजवळ उभी होती, मग चरायला गेली. तुमची खायला लागली की सोबत बघा, तोवर कोणीतरी माणूस तिच्याजवळ बसू दे.

प्रश्न: बोंडू (काजूची फळं), फणस, आंबे गाढवाला घालावेत का? (गुहागर)

उत्तर: एखादी फोड ठीक, पाटीभर नाही. साखर जास्त झाली की खुरांना सूज येते. कोय घशात अडकते, ती काढूनच द्या. आपल्याकडचं 100-125 किलोचं गाढव असेल तर दिवसाला साधारण दोन किलो सुका चारा पुरतो. दसऱ्यानंतर सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत कापून उडवी (गवताची गंजी) रचून ठेवा, पावसात कामी येतं. नुसत्या भाताच्या पेंढ्यात कस नसतो आणि बुरशी धरलेला पेंढा तर अजिबातच घालायचा नाही.

प्रश्न: एवढं पोसताय तर थोडे गवताचे भारे वाहून घेतले तर काय बिघडलं? (राजापूर)

उत्तर: काका, ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत, त्यात गाढवावर जास्तीत जास्त 50 किलो लादायला परवानगी आहे, पण ती धडधाकट गाढवासाठी. आमच्याकडे आलेल्यांच्या पाठीची कातडी जखमांनी पातळ झालेली आहे, एकीच्या नाकपुड्या चिरलेल्या आहेत कारण कोणाला तरी वाटलं त्याने श्वास मोकळा होतो. त्यांनी त्यांच्या वाटणीचं वाहून झालंय. 2012 च्या पशुगणनेत देशात 3 लाखांवर गाढवं होती, 2019 ला सव्वा लाखाच्या आसपास उरली. टेम्पो-ट्रॅक्टर आले, काम गेलं, आणि चीनमध्ये कातड्यापासून औषध बनतं म्हणून जगभर गाढवं मारली जातायत, आफ्रिकेतल्या देशांनी तर 2024 मध्ये एकत्र येऊन त्यावर बंदी ठरवली. उरलेल्यांतल्या चार-सहांनी माझ्या वाडीत नुसतं चरावं, मला चालेल. तुम्हाला उपयोगच हवा असेल तर लीद घेऊन जा, खड्ड्यात नीट कुजवून नारळाच्या आळ्यात घाला, आमची झाडं त्यावरच आहेत.