बिल्ल्यावरचा हत्ती

प्रश्न : सर, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांच्या ट्रंकेत एक पांढरट बिल्ला घावला, चांदणीत बिगुल, वर मुकुट आणि खाली छोटा हत्ती. आपल्या बेळगावच्या मराठा सेंटरचा का हो?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही ओ दादा! बिगुल बघून फसलात, ती लाइट इन्फंट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची, सगळीकडचीच खूण. हा स्कॉटलंडच्या हायलँड लाइट इन्फंट्रीचा दिसतोय, आणि हत्ती आलाय आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईतून. 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या तोफांपुढं इंग्रज सेनापती वेलस्लीची 74वी हायलँडर्स पलटण आली नि मेलेले-जखमी मिळून जवळपास 400 जण पडले, अर्ध्याहून जास्त पलटणच गेली म्हणा की. लढाई जिंकले म्हणून कंपनीनं हत्तीचं मानाचं जादा निशाण दिलं, 1881 ला 71वी आणि 74वी पलटण एक होऊन हायलँड लाइट इन्फंट्री झाली तरी हत्ती राहिलाच. गंमत म्हणजे हायलँडर असून 1947 पर्यंत यांना किल्ट (तो स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार घागरा) नव्हता, चौकड्याची विजार घालायचे!

आजोबांकडं कसा आला? 1941 ला आफ्रिकेतल्या इरिट्रियात केरेनच्या लढाईत यांची दुसरी बटालियन आणि मराठ्यांची एक बटालियन एकाच 5व्या इंडियन डिव्हिजनमध्ये लढल्या, तिथंच अदलाबदल झाली असेल. आजोबांचं सर्व्हिस बुक असलं तर बघा. आणि बिल्ला चिंचेनं घासू नका बरं का.