झाडाखालून गोळा केलेले अक्रोड लगेच फोडून ठेवावेत की आधी वाळवावेत? गेल्या वेळी सगळ्यांना बुरशी आली.

आधी वाळवा, आणि वाळवण्याआधी हिरवी साल त्याच दिवशी काढा. बुरशीचं मूळ बहुतेक तिथेच असतं. ओली साल कवचाला चिकटून राहिली की काळी, लिबलिबीत होते आणि आतला गरही डागाळतो. साल काढताना हातमोजे घालाच, तिचा तपकिरी डाग बोटांवरून कित्येक दिवस जात नाही. मग कवचं घासून धुवा आणि जाळीवर एकाच थरात, सावलीत, वारा खेळेल अशी पसरा. रोज एकदा हलवा. ओव्हन वापरायचा मोह टाळा, कारण गरात निम्म्याहून जास्त तेल असतं आणि ४० अंशांच्या वर ते लवकर खवट होऊ लागतं.

वाळायला हवेप्रमाणे दोन-तीन आठवडे लागतात, पण दिवस मोजू नका, एक फोडून पाहा. दोन पाकळ्यांमधला पातळ पडदा वाकला तर अजून ओल आहे, कट्‌कन मोडला तर झालं. कवचासकट थंड, कोरड्या जागी ते कित्येक महिने टिकतात. सोललेला गर मात्र फ्रीजरमध्येच ठेवा, आणि भाजायचा तर वापरण्याआधी, लागेल तेवढाच.

दोनचार ताजे खाऊन पाहायला हरकत नाही. गरावरचा पातळ कडू पापुद्रा नखाने सुटतो, आतला गर दुधाळ लागतो. फक्त बुरशी धरलेला दाणा भाजून वापरू नका. बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही, तो फेकूनच द्या.