इंजिन ऑइल गळतंय आणि मिस्त्री गिअरबॉक्स उतरवायला सांगतोय; आधी घरी काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१२ ची वॅगन आर, सकाळी गाडी काढली की फरशीवर रुपयाएवढे दोन-तीन काळे डाग, आणि गॅरेजवाल्याने गाडी वर न घेताच सांगून टाकलं की क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. घरच्या घरी काही तपासता येईल का?

येईल. आणि ते तपासून होईपर्यंत गिअरबॉक्सला कुणाला हात लावू देऊ नका. मागचं सील जातच नाही असं नाही, पण तिथे दिसणारं ऑइल पुष्कळदा वरून आलेलं असतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होतं, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरतं, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) कडेने खालच्या ब्लॉकवर उतरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन टपकतं. सील गेल्यावरही थेंब नेमका तिथेच पडतो. गच्चीला चीर एका कोपऱ्यात आणि पाणी गळतं पंख्याच्या हुकातून, तसलाच हा प्रकार. पॅकिंग बदलणं काही शे रुपयांत, एका सुट्टीच्या दिवसात होतं. गिअरबॉक्स उतरवला की गोष्ट हजारांत जाते.

मी मेकॅनिक नाही. इंदूरला राहतो आणि ओळखीपाळखीतल्या जुन्या गाड्यांची बॉनेटं उघडून बसण्याची हौस आहे, इतकंच. इथे अंगणात डाग पडला की झाडू मारणाऱ्या बाईंपासून सगळे चौकशी करतात, स्वच्छतेत पहिल्या नंबरचं शहर ना! त्यामुळे गळती शोधण्याचा सराव आपोआप होतो.

सर्वांत आधी गळतंय ते ऑइलच आहे ना, ते बघा. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागी खुणा करून ठेवा. वर्तमानपत्र नको, ते सगळंच शोषून घेतं आणि डाग पसरतो. सकाळी थेंब बोटावर घ्या. एसीचं पाणी नुसतं पाणीच असतं. कूलंट हिरवा, निळा किंवा गुलाबी असतो आणि त्याला गोडसर वास येतो. चाकाजवळ फिकट, पातळ काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग गाडी चालवूच नका. तपकिरी ते काळं, बुळबुळीत, ते इंजिन ऑइल. तुमच्या बाबतीत गिअर ऑइलची शंकाही फेडून घ्या. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तर गिअर ऑइलसुद्धा त्याच जोडातून खाली येतं. पण त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही.

पुठ्ठ्यावरच्या डागांनी घाबरून जाऊ नका. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे लिटरभर ऑइलचे २०,००० थेंब. रोज रात्री १० थेंब पडले तरी वर्षाला १८० मिलिलिटरच्या आसपास. खरा प्रश्न असतो गाडी चालू असताना किती जातं हा, कारण तेव्हा ऑइल तापून पातळ झालेलं असतं आणि त्याला दाबही असतो. ते पुठ्ठा सांगणार नाही, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, सांगेल. सपाट जागेवर, इंजिन थंड असताना, आठवड्यातून एकदा बघा आणि लिहून ठेवा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर तेही वाईटच. जादा ऑइल घुसळून फेसाळतं. आणि डॅशबोर्डवर लाल तेलकुपीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद. तो दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. 'जवळच घर आहे' म्हणून पुढे रेटायची नाही.

आता मुख्य काम, म्हणजे धुणं. याचा लोकांना कंटाळा येतो आणि तिथेच सगळं चुकतं. आपल्या माळव्याची काळी माती आणि उन्हाळ्यातली धूळ तेलकट इंजिनावर बसून असा थर तयार होतो की ताजं काय आणि तीन वर्षांपूर्वीचं काय, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. इंजिन पूर्ण थंड असू द्या. अल्टरनेटर, कॉइल, फ्यूजचा डबा आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी नीट बांधून घ्या. डिग्रीझर मारा, जुना टूथब्रश आणि रंगाचा छोटा ब्रश घेऊन कोपरे घासा, मग साध्या पाइपने हलकं पाणी. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशरवाला फवारा इंजिनवर मारू नका, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की ऑइल राहिलं बाजूला, वेगळंच दुखणं मागे लागेल. काही जण डिझेलने धुतात. निघतं छान, पण ते पुरतं वाळेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. सायलेन्सर तापल्यावर काय होईल ते सांगायला नको. पिशव्या काढा, उन्हात खडखडीत वाळू द्या.

वाळल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटं उभ्यानेच चालू ठेवा आणि टॉर्च घेऊन वरून बघा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बेल्टजवळ नको. जिथे डोकं जात नाही तिथे इंजिन बंद करून मोबाइल घाला आणि व्हिडिओ काढा. हेडची मागची बाजू अशीच दिसते. काही दिसलं नाही तर १५-२० किलोमीटरची चक्कर मारून या, इथल्या हिशोबाने राऊला जाऊन यावं इतकी, आणि पुन्हा बघा. शोधायची जागा एकच: सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा. ऑइल वजनाने खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे खालचं-मागचं ओलं निव्वळ फसवं असतं. तरीही नक्की होत नसेल तर संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. पुन्हा इंजिन चालवलं की पांढऱ्यावर काळी रेघ उमटते आणि त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे तुमची गळती. बेल्टवर आणि हवेच्या तोंडाशी मात्र पावडर नको. ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग आणि जांभळा टॉर्चही ऑनलाइन मिळतो. चांगला उपाय आहे, पण पावडरीने काम होत असताना खर्च कशाला.

कुठे कुठे बघायचं? गळती सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल तर आधी ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्ट. फिल्टर काढताना जुनी रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक टिकत नाहीत, एखाद्या दिवशी भसाभसा ऑइल निघतं. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा टाकायचा असतो. बरेच जण जुनाच उलटा करून लावतात आणि मग कसकसून आवळतात, चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे जातात.

दुसरी जागा कुणाच्या लक्षातच येत नाही: ऑइल प्रेशर स्विच. ब्लॉकवर किंवा फिल्टरच्या आसपास अंगठ्याएवढा, एक वायर असलेला. आमच्या शेजारच्या काकांच्या जुन्या मारुतीचं ऑइल गळायचं तेव्हा मिस्त्रीने बाहेरूनच फर्मान काढलं, "अंकलजी, चेंबर खोलना पड़ेगा।" आम्ही इंजिन बंद करून स्विचची वायर ओढून काढली, तर तिच्या टोपीत आतून ऑइल भरलेलं. स्विचच्या पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या जोडातून ते झिरपत होतं, वायरीवरून ओघळून चेंबरच्या कडेला जमत होतं. नवा स्विच टाकला, चेंबर जागच्या जागी राहिला. असा स्विच बदलताना बेताने आवळा. याचे आटे बहुधा निमुळते असतात, जोर लावला की ॲल्युमिनियम तडकतं.

तिसरी, आणि माझा संशय हिच्यावरच आहे, टॅपेट कव्हर. चारही कडांवरून बोट फिरवा, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात तर नक्कीच. स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं सापडलं तर प्लगभोवतीची सीलंही गेलीत. त्याच बाजूला कॅम सेन्सर असेल तर त्याची ओ-रिंगही बघा. मग बेल्टच्या बाजूला क्रँक पुलीमागचं सील. तिथून गळलं की पुलीच्या वेगाने ऑइल गोल उडतं आणि आसपास शिंतोड्यांचा पट्टा दिसतो. हे सगळं कोरडं निघालं आणि फक्त गिअरबॉक्सचा जोड खालून ओला होत असेल, तर मिस्त्री बरोबर आहे.

खाली वाकून बघायचं तर एक गोष्ट पाळाच: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. पक्की जमीन, मागच्या चाकांना अडण्या, हँडब्रेक आणि चेसिसच्या नेमक्या जागी लोखंडी स्टँड. विटा चालत नाहीत, त्या फुटतात. स्टँड नसेल तर सरळ एखाद्या ओळखीच्या गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी नेऊन पाच मिनिटं टॉर्च मारा.

पॅकिंग बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस क्रँककेसमध्ये (क्रँक फिरते त्या खालच्या पोकळीत) येतच असतो आणि हा व्हॉल्व्ह तो परत इनटेककडे पाठवतो. तो काजळीने चोंदला की आत दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात कमजोर पॅकिंगमधून बाहेर पडतं. नवं पॅकिंग टाकलं तरी काही महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं. इंजिन आयडलवर (चालू, पण ॲक्सिलरेटर न दाबता) असताना व्हॉल्व्ह कव्हरमधून ओढून काढा, पाइप जोडलेलाच असू द्या, आणि तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर व्हॉल्व्ह किंवा पाइप चोंदलाय. दोन्ही स्वस्त वस्तू आहेत.

टॅपेट कव्हर उघडणं अवघड नाही. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. वायरी आणि पाइप काढताना फोटो काढून ठेवा. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलकं ठोका, फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमची गळती. उघडल्या उघडल्या आत स्वच्छ कापड पसरा. एक छोटा नटसुद्धा आत पडला तर हसं होईल. जुनं पॅकिंग वाकवून बघा. नव्यासारखं लवचीक न राहता ते प्लास्टिकसारखं कडक झालेलं असतं, वाकवलं की मोडतं. खाच आणि हेडची कड जुन्या एटीएम कार्डाने खरवडा आणि पुसून अगदी कोरडी करा.

मग नवं पॅकिंग. इथे सिलिकॉनचा मोह आवरा. सियागंजातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ट्यूब मिळते आणि आपल्याकडे ती मलमासारखी सगळीकडे थापली जाते. आत दाबला गेलेला सिलिकॉन सुटून ऑइलमध्ये पडतो आणि ऑइल पंपाची जाळी चोंदते, मग गळतीपेक्षा मोठं संकट. रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. सिलिकॉन फक्त चेन कव्हर (टायमिंग चेनचं झाकण) जिथे हेडला मिळतं त्या कोपऱ्यांवर, वाटाण्याएवढा. बोल्ट मध्यापासून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. छोट्या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना जोर साधारण १० न्यूटन-मीटरच लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना घ्या आणि मनगटाने आवळा, दंडाने नाही. सिलिकॉन लावला असेल तर गाडी रात्रभर उभी राहू द्या.

त्यानंतर दोन-चार दिवस डाग पडला तर लगेच निराश होऊ नका, खालच्या पत्र्यांवर साठलेलं जुनं ऑइल निथळत असतं. तेलकट बोळे आणि फडकी गटारात नाही, कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. 'गळती बंद' करणाऱ्या बाटल्यांबद्दल विचाराल तर त्या रबर फुगवतात. कडक झालेल्या सीलवर काही काळ चालतात, तुटलेल्या पॅकिंगवर नाही. गाडी विकायची नसेल तर मी टाकणार नाही.

आणि सगळं तपासून मागचं सीलच निघालं, तर ते काम घरी करू नका. पण गॅरेजमध्ये भाव करताना हे लक्षात ठेवा की मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स काढण्या-घालण्याचा असतो, म्हणून क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगची अवस्था त्याच वेळी बघायला सांगा. क्लच प्लेट ऑइलने भिजली असेल तर ती धुऊन परत लावू देऊ नका, बदला. गिअरबॉक्स खाली आल्यावर, सील काढण्याआधी, मला बोलवा असं बजावून ठेवा, आणि फ्लायव्हीलच्या (क्लचला लागून असलेल्या जड चकतीच्या) मागे ओलं आहे की कोरडं ते स्वतः जाऊन बघा.