शेजाऱ्याने अख्खा बीव्हर आणून दिलाय. मटणासारखा रस्सा केला तर चालेल का?

चालेल, आणि चांगला होईल. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीव्हर म्हणजे पाण्यात राहणारा, झाडांच्या साली कुरतडणारा मोठा प्राणी.) पण तुम्ही लिहिलंय की ट्रॅपर, म्हणजे सापळे लावून जनावरं धरणाऱ्या, शेजाऱ्याने सोललेला बीव्हर शेपटीसकट दिला, पोट साफ केलेलं आहे, आणि तरी फ्रीज उघडला की औषधी, उग्र वास येतोय. म्हणून आधी वासाचं बघू, रश्श्याचं नंतर. मी कॅनडात, उत्तर ओंटारिओत राहतो, आमच्याकडे हिवाळ्यात हे मांस होतं. माझं ठाम मत असं की बीव्हर बिघडतो तो साफ करताना. एकदा बिघडला की कितीही कांदा-लसूण मसाला ओता, तो सावरत नाही. आणि नीट साफ केला तर त्याला मसाला फारसा लागतच नाही.

तो वास बहुधा ग्रंथींचा आहे. शेपटीच्या मुळाशी, गुदद्वाराच्या आसपास चार पिशव्या असतात. दोन सुरकुतलेल्या, तपकिरी-पिवळट, त्यांच्यातल्या द्रव्याने बीव्हर आपली हद्द आखतो. त्यांच्या शेजारच्या दोन गुळगुळीत, फिकट, तेलाच्या. पहिल्या दोन अत्तराच्या धंद्यात विकल्या जातात, त्यामुळे ट्रॅपर त्या बहुतेक वेळा आधीच काढून घेतो. तेलाच्या मात्र कधीकधी राहून जातात. तिथे काही शिल्लक असेल तर पिशवीला सुरीचं टोक लागू देऊ नका. गुदद्वाराभोवतीचा सगळा भाग थोडं मांस सोबत घेऊन गोल कापा आणि एका तुकड्यात बाहेर काढा. चुकून फुटलीच तर ती सुरी आणि हातमोजे बाजूला ठेवून दुसरे घ्या, आणि द्रव लागलेलं मांस कापून टाका. नुसतं धुऊन तो वास जात नाही.

यानंतर गाठी. पुढच्या पायांच्या बगलेत, मांडीच्या आतल्या बाजूला आणि कमरेच्या खोलगट भागात चरबीत लपलेल्या करड्या-गुलाबी गाठी असतात. बोटाने चाचपलं की मांसापेक्षा वेगळ्या लागतात. त्या काढा.

मग चरबी, आणि इथे दोन मतं आहेत. उत्तरेकडच्या क्री आणि डेने या मूळ रहिवासी लोकांसाठी बीव्हरची चरबी हाच त्याचा मोठा गुण. थंडीत ससा किंवा मूसचं (मोठ्या हरणाचं) सुकं मांस नुसतं खाऊन माणूस अशक्त होतो, तेव्हा बीव्हरची चरबी जीव तगवते. त्यांच्यात बीव्हर दोरीने टांगून आगीशेजारी हळूहळू फिरवत भाजतात, चरबी वितळून ठिबकत राहते आणि मांस तिच्यातच शिजतं. ताज्या, स्वच्छ जनावराचं ते मांस अप्रतिम लागतं. पण तुमच्याकडचं मांस आधीच वास मारतंय आणि घरात पहिल्यांदाच होतंय. रानटी वास सगळ्यात जास्त चरबीत धरून राहतो, म्हणून या वेळी वरची चरबी जवळजवळ सगळी काढा, तिच्याखालचा चंदेरी पातळ पडदाही सोलून घ्या. पडदा राहिला तर शिजताना आकसतो आणि तुकडा चिवट होतो. या कामाला तास-दीड तास जातो. तो द्या. चरबी निघाल्यावर खाली जे मांस दिसेल ते गडद लाल, बारीक धाग्याचं असेल. आपल्या बोकडापेक्षा बरंच गडद, त्याने बिचकू नका.

हातमोजे मात्र शेवटपर्यंत घाला. बीव्हरमध्ये ट्युलॅरेमिया या आजाराचे जंतू असू शकतात आणि ते हातावरच्या बारीक चिरेतूनही आत शिरतात. फ्रीझरमध्ये ठेवल्याने ते मरत नाहीत, पूर्ण शिजवल्यावर मरतात. मांसाचा आतला भाग 74 अंश सेल्सिअसपर्यंत गेलाच पाहिजे. रश्श्यात तो सहज जातो. शेजाऱ्याने कलेजी दिली असेल आणि तिच्यावर पांढरे ठिपके दिसले तर ते जनावर खाऊ नका. कलेजी स्वच्छ दिसली तरी मी ती आणि मूत्रपिंडं घेत नाही. विलोच्या झाडात कॅडमियम हा विषारी धातू साठतो, बीव्हर विलो भरपूर खातो, आणि तो धातू या दोन अवयवांत जमत जातो. मांस हाताळल्यावर काही दिवसांत ताप आला, हातावर जखम चिघळली किंवा बगलेत गाठ आली, तर डॉक्टरांना बीव्हर साफ केल्याचं आवर्जून सांगा. त्यांना आपणहून ते सुचेलच असं नाही. आणि तळ्याकाठी मरून पडलेला बीव्हर कुणी दिला तर घेऊ नये. सापळ्यातला, थंडीतला, ओळखीच्या ट्रॅपरचा, तोच घ्यावा.

सापळ्यातल्या जनावराचं रक्त खाटकाकडच्या बोकडासारखं वाहून गेलेलं नसतं, ते मांसातच राहतं. म्हणून भिजवणं आलं. मांड्या सांध्यात सोडवा, पाठीचे दोन पट्टे वेगळे काढा, पुढचे पाय आणि बरगड्या वेगळ्या. सगळं मोठ्या पातेल्यात घाला. चार लिटर गार पाण्याला अर्धी वाटी मीठ आणि अर्धी वाटी व्हिनेगर, आणि पातेलं रात्रभर फ्रीजमध्ये. ओट्यावर ठेवू नका. झोपण्याआधी एकदा पाणी बदललंत तर उत्तम, पहिलं पाणी चांगलंच लाल होतं. सकाळी मांस धुऊन, फडक्याने कोरडं करून नाकाशी धरा. वास मातीचा, ओल्या लाकडाचा आला तर काम झालं. बीव्हर अ‍ॅस्पेन, बर्च, विलोच्या साली आणि पाणवनस्पती खातो, तेवढा वास असणारच. अजून उग्र वाटलं, किंवा जनावर थोराड असलं, तरच एक उकळी द्या: मीठ आणि तमालपत्र घालून पंधरा मिनिटं, वर आलेला मळकट फेस काढायचा, ते पाणी फेकायचं. काही जण प्रत्येक वेळी असं करतात. मला ते पटत नाही. चांगल्या मांसाची निम्मी चव त्या पाण्याबरोबर मोरीत जाते.

आता रस्सा. हाडासकट एक किलो मांसाचा अंदाज देतो. तुकड्यांना हळद, मीठ, दोन चमचे आलं-लसणाचं वाटण आणि तीन-चार चमचे घट्ट दही चोळून दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात तेल जरा सढळ हाताने घ्या, कारण चरबी काढल्यावर हे मांस कोरडं पडतं. तेलात चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, आठ-दहा मिरे, मग तीन मोठे कांदे बारीक चिरून चांगले तांबूस होईपर्यंत परता. मांस घालून मोठ्या आचेवर सगळ्या बाजूंनी रंग येऊ द्या. आधी पाणी सुटेल, ते आटेल, मग तेल दिसेल, तोवर थांबायचं. त्यानंतर बुडेल इतकं गरम पाणी, झाकण, मंद आच. कोवळ्या जनावराला दोन तास, थोराडाला तीन किंवा जास्त. हाडापासून मांस चमच्याने सुटलं की झालं. घड्याळापेक्षा चमच्याचं ऐका.

कुकर लावायचा असेल तर पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून पंचवीस-तीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. मी पातेलंच घेतो. कुकरमध्ये धागे लवकर सुटतात आणि मांस भुसभुशीत होतं.

मांस मऊ झाल्यावरच वाटण घाला. भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, थोडे धणे, चमचाभर तीळ, आणि तिखटाला कांदा-लसूण मसाला दीड-दोन चमचे, मटणाला घालता त्याच्या निम्माच. या मांसाला मुळात किंचित गोडसर चव असते, ती झाकली तर मग बीव्हर कशाला करायचा? शेवटी दोन-तीन आमसुलं टाका. आंबटपणाने उरलासुरला रानटीपणा कापला जातो आणि गोडी वर येते. टोमॅटोने तसं होत नाही, रस्सा जड होतो. वाटण घालण्याआधी वाटीभर अळणी बाजूला काढून ठेवा, मिरपूड घालून भातावर घ्या. आमच्या घरात मुलं तेवढंच मागतात.

पाठीचे पट्टे रश्श्यात घालू नका. तो सगळ्यात मऊ भाग. पातळ काप करून आलं-लसूण, मिरपूड, कढीपत्ता लावा, तव्यावर तेलात परता, मग पाण्याचा हबका देऊन झाकण ठेवा आणि पूर्ण शिजल्याची खात्री करून सुकं उतरवा. ज्वारीची भाकरी मिळत नसेल तर कॉर्नमीलची थापून बघा, जमते.

शेपटीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण ती टाकू नका. खवल्यांची कातडी आचेवर धरा, फोड येतात आणि साल उचकटून निघते. आत जवळजवळ नुसती पांढरी, चिकट चरबी, मधे हाड. तुकडे करून राजम्याच्या किंवा वालाच्या पातेल्यात सोडलं की डाळीला दाटपणा येतो. नुसतं खाणं सगळ्यांना झेपेल असं नाही.

पत्नी बीफ खात नाही, त्यांना हे चालेल का, हेही विचारलंयत. बीव्हर गाईगुरांच्या जवळचाही नाही. तो कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी, आपल्याकडच्या साळिंदराच्या गणातला. न्यू फ्रान्सच्या, म्हणजे इथल्या फ्रेंच वसाहतीच्या काळात, 17व्या शतकात, इथल्या कॅथलिक चर्चने पाण्यात राहतो म्हणून त्याला माशांत धरून उपासाच्या दिवसांतही मुभा दिली होती. पण दिसायला आणि धाग्याला हे मांस बीफसारखं आहे हे खरं, आणि ते त्यांना शिजवण्याआधीच सांगा. ताटात वाढल्यावर सांगू नका. पौष्टिकतेची काळजी नको, 100 ग्रॅम कच्च्या मांसात 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि लोहही भरपूर.

हाडं कुत्र्याला घालण्याआधी शेजाऱ्याला विचारा. तो क्री किंवा इनू (हेही इथले मूळ रहिवासी) असेल तर त्यांच्यात बीव्हरची हाडं कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देत नाहीत, मान म्हणून पाण्यात परत सोडतात. शेजाऱ्याने दिलेल्या जनावराचा मान त्याच्या रीतीने राखलेला बरा.

एवढं सगळं एका वेळी संपणार नाही. उरलेलं मांस मिठाच्या पाण्यातून काढून, कोरडं करून, हवा न ठेवता घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. चरबी नीट काढलेली असेल तर सहा महिने चांगलं राहतं. चरबीसकट ठेवलंत तर त्याआधीच खवट होतं.